बाबा मेहर सिंग आणि चौदा सिलिंडरचे इंजिन

मागच्या वर्षी आम्हा नववीच्या कॅडेट्सची सहल दिल्लीला गेली होती. पालमच्या हवाई दल संग्रहालयात शिरताच रांग मोडली आणि सगळे मिग आणि नॅटच्या दिशेने पळाले. मी रांगेत शेवटचा होतो. मी पोहोचेपर्यंत मिगभोवती उभे राहायला जागा उरली नव्हती, म्हणून एका जुन्या विमानापाशी थांबलो. वर-खाली दोन पंख, उघडे कॉकपिट आणि नाकाच्या जागी चक्क उघडे इंजिन. मधल्या गोल डब्यातून सिलिंडर चारी बाजूंना बाहेर आले होते, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. मी ते मोजले. नऊ भरले. मोजणीत चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजले, तरी नऊच. ट्रकच्या इंजिनात चार किंवा सहा सिलिंडर असतात. इथे नऊ कशाला?

त्या विमानाचे नाव वेस्टलँड वॅपिटी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे अशी चार विमाने होती. आज जगात हे एकच वॅपिटी शिल्लक आहे आणि ते आपल्या पालमला आहे. आमच्या उस्तादांनी शिट्टी वाजवली तेव्हा मिग पाहायचे राहूनच गेले होते. पण ते नऊ सिलिंडर डोक्यातून जाईनात.

शाळेत परतल्यावर मी फिजिक्सच्या सरांना विचारले. त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढले, त्यावर सारख्या अंतरावर नऊ ठिपके दिले आणि मला खडू दिला. या इंजिनाला रेडियल म्हणतात, कारण सिलिंडर वर्तुळाच्या त्रिज्यांसारखे मांडलेले असतात. सगळे दट्टे मध्यभागी एकाच क्रँकला जोडलेले असतात. इंजिन चार टप्प्यांचे असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. एकाआड एक सिलिंडर पेटवत गेले, तर पहिल्या फेरीत १, ३, ५, ७, ९ पेटतात आणि दुसऱ्या फेरीत २, ४, ६, ८. मग पुन्हा १. दोन ठिणग्यांमधले अंतर प्रत्येक वेळी बरोबर ८० अंश. आठ ठिपके काढून हेच करून बघ, असे सरांनी सांगितले. १, ३, ५, ७ झाल्यावर माझा खडू पुन्हा १ वर आला आणि सम आकडे तसेच राहिले. म्हणून एका ओळीत सिलिंडरांची संख्या नेहमी विषम असते. गणितातला सम-विषम असा कामाला येतो हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून मला या इंजिनांचा नाद लागला. जगभर असा नाद असलेली बरीच माणसे आहेत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची इंजिने खोलतात, साफ करतात, पुन्हा जुळवतात आणि चालू करून दाखवतात. मी त्यांच्या चित्रफिती पाहिल्या आहेत. रेडियल इंजिन बटण दाबून लगेच सुरू करत नाहीत. विमान काही तास उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही. तशातच स्टार्टर फिरवला तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. म्हणून आधी पंख्याची पाती हाताने फिरवून पाहतात. कुठे अडले तर स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडतात. मग स्टार्टर गुणगुणतो, पंखा कष्टाने वळतो, एक सिलिंडर खोकतो, मग दुसरा, निळसर धुराचा लोट निघतो आणि हळूहळू सगळे सिलिंडर एका तालात येतात. विमानाखाली तेल ठिबकलेले दिसले नाही तर आत तेलच नसेल, असा विनोद मेकॅनिक करतात.

आमच्या हाऊसमध्ये माझी यावरून बरीच थट्टा झाली. ज्या काळात मुले राफेल आणि तेजसची चित्रे कपाटाच्या दारावर लावतात, त्या काळात मी तेलगळत्या इंजिनाचे चित्र लावले. पण या इंजिनामागे जाता जाता मला एक माणूस सापडला. आज त्यांच्याबद्दल लिहायचे आहे. त्यांचे नाव एअर कमोडोर मेहर सिंग. हवाई दलात त्यांना सगळे बाबा म्हणत.

मेहर सिंग यांचा जन्म २० मार्च १९१५ चा. गाव लायलपूर. ते आता पाकिस्तानात आहे आणि त्याचे नाव फैसलाबाद आहे. कॉलेजात शिकत असतानाच त्यांची इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजसाठी निवड झाली. १९३६ मध्ये ते अधिकारी झाले आणि भारतात परतून पहिल्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. म्हणजे मी पालमला ज्या विमानासमोर उभा होतो, तसलीच विमाने त्यांनी उडवली. वॅपिटीतले इंजिन ब्रिस्टल कंपनीचे ज्युपिटर. ते रॉय फेडन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली घडले आणि त्या काळी अनेक देशांतल्या विमानांत बसवले गेले.

त्यांची नेमणूक वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात झाली. तिथे उघडे डोंगर, अरुंद दऱ्या आणि कड्यांवर बंदुका घेऊन बसलेले टोळीवाले. कधी कधी विमान दरीतून जाई आणि गोळ्या वरून येत. अशाच एका मोहिमेत रायफलची गोळी मेहर सिंग यांच्या पेट्रोलच्या टाकीला लागली. इंजिन कितीही भक्कम असले तरी पेट्रोलशिवाय ते नुसते लोखंड. त्यांनी विमान डोंगरातच कसेबसे उतरवले. ते आणि त्यांचे तोफची गुलाम अली दोघेही जिवंत बाहेर पडले. टोळीवाले शोधायला येणार हे उघड होते. दोघे रात्रभर अंधारात चालत, लपत लष्कराच्या ठाण्यावर पोहोचले. एक शीख वैमानिक आणि एक मुसलमान तोफची, दोघांत एक वाट. हे वाचताना मला सारखे वाटत होते की दहा वर्षांनी देशाची फाळणी होणार आहे, हे त्या रात्री त्या दोघांपैकी कोणाला ठाऊक होते?

१ डिसेंबर १९४२ रोजी त्रिचनापल्लीला सहावी स्क्वाड्रन उभी राहिली आणि तिचे नेतृत्व मेहर सिंग यांच्याकडे आले. १९४३ च्या अखेरीस ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कॉक्स बाजारला गेली. इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तिची हरिकेन विमाने रेडियल इंजिनाची नव्हती. हरिकेनमध्ये रोल्स रॉइसचे मर्लिन इंजिन असते. त्यात सिलिंडर दोन ओळींत बसवलेले असतात आणि ते पाण्यासारख्या द्रवाने थंड होते. ते इंजिन सुरेख चालते, पण त्याच्या नळीला किंवा रेडिएटरला एक गोळी लागली की द्रव गळून जातो आणि थोड्याच वेळात इंजिन तापून बंद पडते. रेडियल इंजिन समोरून येणाऱ्या हवेनेच थंड होते. त्यात गळायला पाणीच नाही. म्हणूनच एखादा सिलिंडर निकामी झाला तरी रेडियल इंजिनाने विमान घरी आणल्याच्या गोष्टी जुन्या वैमानिकांच्या आठवणींत पुष्कळ सापडतात.

मेहर सिंग यांच्या स्क्वाड्रनचे काम लढण्यापेक्षा पाहण्याचे होते. झाडांच्या शेंड्यांवरून जोडीजोडीने उडायचे, जपानी फौजा कुठे आहेत, कुठला पूल शाबूत आहे, नदीत किती होड्या आहेत याची छायाचित्रे आणि माहिती आणायची. जपान्यांची नाकाजिमा ऑस्कर विमाने चपळ होती आणि गंमत म्हणजे त्यांच्यात चौदा सिलिंडरचे रेडियल इंजिन होते. या स्क्वाड्रनच्या कामामुळे तिला चौदाव्या सैन्याचे डोळे असे नाव पडले. १९४४ मध्ये मेहर सिंग यांना डीएसओ हा सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलातल्या दुसऱ्या कोणालाही तो मिळाला नाही.

पण त्यांचे खरे नाव झाले ते लढाऊ विमानामुळे नाही, मालवाहू विमानामुळे. ही गोष्ट मला फार आवडते, कारण आमच्या शाळेत मालवाहू विमानाचा वैमानिक व्हायचे आहे असे कोणी सांगत नाही.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून डकोटा विमाने पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्यांच्याबरोबर होते. हल्लेखोर श्रीनगरच्या दिशेने येत होते आणि विमानतळ हातचा गेला असता तर मदत पोहोचवायला दुसरा झटपट मार्ग नव्हता. त्यानंतर दिवसामागून दिवस डकोटांची ये-जा चालू राहिली. हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी विमान कंपन्यांचे डकोटाही या कामाला लागले. पाच दिवसांत जवळपास एक ब्रिगेड श्रीनगरला पोहोचली. या कामात मेहर सिंग यांचा मोठा वाटा होता. लवकरच जम्मू-काश्मीरमधल्या हवाई मोहिमांची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

डकोटाला दोन इंजिने असतात. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ट्विन वास्प. सात सिलिंडरांची एक ओळ आणि तिच्यामागे सातांची दुसरी, म्हणजे एकूण चौदा. मागचे सिलिंडर पुढच्यांच्या फटीत येतील असे बसवलेले, म्हणजे त्यांनाही वारा लागतो. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक चुकला तर दुसरा आहेच. ताकद सुमारे १२०० अश्वशक्ती. ही इंजिने १,७३,००० हून अधिक बनली. इतक्या संख्येने बनलेले विमानाचे दुसरे मोठे इंजिन नाही. ते वेगवान नव्हते, देखणेही नव्हते. पण धूळ, थंडी, कच्ची धावपट्टी, उघड्यावरची दुरुस्ती हे सगळे ते सोसत असे.

काश्मीरच्या लढाईत पुंछ शहराला शत्रूने वेढले होते. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची तुकडी आणि हजारो निर्वासित अडकले होते. रस्ता बंद, धान्य संपत आलेले. विमान उतरवायचे तर जागा पाहिजे. शहरातल्या परेड ग्राउंडवर जवान आणि निर्वासितांनी मिळून धावपट्टी खणून, सपाट करून तयार केली. आजूबाजूला ओढे आणि भोवतालच्या टेकड्यांवर शत्रू. डकोटासाठी ती पट्टी आखूडच होती. डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पहिला डकोटा उतरवला तो स्वतः मेहर सिंग यांनी.

त्यानंतर पुंछ जगले ते डकोटांवर. येताना धान्य, औषधे आणि दारूगोळा. जाताना जखमी जवान, म्हातारी माणसे आणि लहान मुले. शत्रूच्या तोफा टेकड्यांवरून धावपट्टीवर मारा करू लागल्या, तेव्हा त्यांना उत्तर द्यायला आपल्या तोफा आत नेणे भाग होते. त्या रात्रीच्या अंधारात डकोटातून उतरवल्या गेल्या. धावपट्टीच्या कडेला फक्त तेलाचे दिवे लावलेले. विमानात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन भरलेले. आणि याही कामात बाबा पुढे. बॉम्बफेकी विमाने नव्हती म्हणून डकोटाच्या उघड्या दारातून हाताने बॉम्ब ढकलण्याचाही प्रयोग या लढाईत झाला. पुंछचा वेढा सुमारे वर्षभर चालला आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये उठला. तोपर्यंत शहर पडले नाही.

मग लेह. १९४८ च्या उन्हाळ्यात शत्रू लडाखकडे सरकत होता. लेहमध्ये आपले जवान मूठभर होते. मेजर पृथी चंद हिवाळ्यात, भर बर्फात झोजी ला ओलांडून तिथे पोहोचले होते आणि लडाखचे इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधू नदीजवळच्या वाळूत धावपट्टी बांधून काढली होती. प्रश्न हा होता की तिथे विमान उतरू शकेल का. लेहची उंची सुमारे ११,५०० फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो. विरळ हवेत इंजिनाला श्वास कमी पडतो, पंख्याला पकडायला हवा कमी मिळते आणि पंखांना उचल कमी मिळते. त्यामुळे उतरताना विमानाचा जमिनीवरचा वेग नेहमीपेक्षा जास्त असतो. शिवाय तिथवर जायचे तर हिमालयाच्या रांगा ओलांडायच्या. डकोटाच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नाही, पंखांवरचे बर्फ काढायची यंत्रणा नाही, त्या मार्गाचे धड नकाशे नाहीत. वाटेत एक इंजिन बंद पडले तर भरलेला डकोटा उरलेल्या एका इंजिनावर एवढी उंची टिकवू शकत नाही. खाली सपाट जागा नाहीच.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी डकोटा उडवला आणि लेहच्या वाळूवर उतरवला. त्यांच्याबरोबर विमानात मेजर जनरल के. एस. थिमय्या होते. सेनेचा विभागप्रमुख आणि हवाई दलाचा मोहीमप्रमुख, दोघेही एकाच विमानात, ज्या विमानाला परत येण्याची खात्री नव्हती. त्या दिवशी त्या डकोटात दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते. हाताखाली चांगले वैमानिक होते. पण एकदा बाबा उतरले म्हटल्यावर मागच्यांना कळले की हे होऊ शकते. त्यानंतर डकोटांनी गुरखा सैनिक लेहला पोहोचवले आणि लेह वाचले.

हे सगळे वाचून झाल्यावर मला एक गोष्ट खटकू लागली, आणि तीच मला या पानावर मांडायची होती. आमच्या शाळेत पहिल्या दिवसापासून नियम शिकवतात. बिछान्याच्या चादरीची घडी किती इंचाची, बुटांची लेस कशी, रायफल कशी धरायची. विमानात तर नियम त्याहून कडक असणार. किती वजन भरायचे, किती लांबीच्या धावपट्टीवर उतरायचे, किती उंचीवर जायचे, हे सगळे इंजिन बनवणाऱ्यांनी आणि विमान बनवणाऱ्यांनी विचार करूनच लिहिलेले असते. मेहर सिंग यांनी तर त्यातले बरेच मागे टाकले. मग आम्ही त्यांना आदर्श मानायचे आणि आमच्या चादरीची घडी चुकली तर मैदानाला फेऱ्या मारायच्या, हे कसे?

यावर मी बराच विचार केला. प्रेपच्या वेळात गणित सोडून हाच विचार करत बसलो म्हणून एकदा बोलणीही खाल्ली. उत्तर मला त्या जुन्या इंजिनांच्या शौकिनांकडून मिळाले. ते इंजिनावर प्रेम करतात, पण त्याला कधी गृहीत धरत नाहीत. पाती हाताने फिरवल्याशिवाय स्टार्टरला हात लावत नाहीत. तेलाचे तापमान पुरेसे चढेपर्यंत थांबतात. इंजिन काय सोसेल आणि काय सोसणार नाही हे त्यांना हाताला, कानाला माहीत असते. मर्यादा माहीत नसताना ती ओलांडणे हा वेडेपणा. मर्यादा पुरती माहीत असताना, दुसरा मार्ग उरला नसताना आणि हजारो माणसांचा जीव टांगलेला असताना ती ओलांडणे वेगळे. मेहर सिंग यांच्यामागे तोवर अकरा-बारा वर्षांचे उड्डाण होते. वझिरिस्तानच्या दऱ्या, ब्रह्मदेशचे जंगल, सगळे हातातून गेले होते.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी पहिला डाव त्यांनी स्वतःवर लावला. पुंछला पहिला डकोटा त्यांचा. लेहला पहिला डकोटा त्यांचा. आधी दुसऱ्याला पाठवून काय होते ते पाहू, असे त्यांनी केले नाही. नियमापलीकडचा हुकूम द्यायचा अधिकार कोणाला असेलच, तर तो आधी स्वतः ते करून आलेल्याला असावा.

त्यांच्या आयुष्याचा शेवट मला सुखाचा करून सांगता येणार नाही. वरिष्ठांशी मतभेद झाले आणि १९४८ मध्येच त्यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार होते. १९५० मध्ये त्यांना महावीर चक्र जाहीर झाले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना त्यांचे विमान वादळात सापडून कोसळले आणि ते गेले. ३७ वा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. लेहपर्यंत जाऊन परत आलेला माणूस मैदानी मुलखाकडे येताना गेला. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कितीही अनुभव असो, आकाश कोणाला सवलत देत नाही, हे मला त्यातून कळले, आणि ते लपवून ठेवणे बरोबर नाही.

त्यांनी उघडलेली वाट मात्र पुढे चालू राहिली. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमध्येच, १६,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या दौलत बेग ओल्डी इथे पॅकेट विमान उतरवले. त्यातही रेडियल इंजिनेच होती, अठरा-अठरा सिलिंडरची. आज लेहला रोज प्रवासी विमाने उतरतात. त्यातल्या प्रवाशांना खिडकीतून सिंधू दिसते.

डकोटाही परत आला आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक जुना डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतला आणि हवाई दलाला भेट दिला. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांनी हवाई दलात डकोटा उडवले होते. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान कॉव्हेंट्रीहून मजल दरमजल करत जामनगरला आले आणि मे महिन्यात हिंडनला हवाई दलात दाखल झाले. त्याचे नाव परशुराम आणि क्रमांक व्हीपी ९०५. श्रीनगरला पहिले जवान घेऊन गेलेल्या डकोटाचा हाच क्रमांक होता. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला ते राजपथावरून उडाले, तेव्हा मी घरी दूरचित्रवाणीसमोर होतो आणि मला ते फक्त एक हळू जाणारे विमान वाटले होते. आता तीच फीत मी आवाज वाढवून ऐकतो. त्याच २०१८ सालात हवाई दलाने थव्याने उडणाऱ्या ड्रोनची एक स्पर्धा सुरू केली आणि तिला मेहर बाबा यांचे नाव दिले. तळहाताएवढ्या मोटरवर उडणाऱ्या ड्रोनला डकोटाच्या वैमानिकाचे नाव! मला ते आवडले.

शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट, कारण ती लिहिली नाही तर वरचे सगळे खोटे ठरेल. या सत्रात मला सेक्शन कमांडर केले. ऑब्स्टॅकल कोर्सवरची सहा फुटी भिंत मला कधीच नीट जमत नव्हती. मी ज्युनिअरना रांगेत उभे करून एकेकाला भिंतीवर पाठवायचो आणि खाली उभा राहून वेळ मोजायचो. ज्याला जमले नाही त्याला ओरडायचो. मी स्वतः त्यांच्यासमोर ती भिंत एकदाही चढलो नव्हतो. वेळ मोजायला कोणीतरी हवे ना, असे स्वतःला सांगायचो.

मेहर सिंग यांच्याबद्दल वाचून झाल्यानंतरच्या सोमवारी मी घड्याळ एका सहावीतल्या मुलाच्या हातात दिले आणि आधी मी जातो असे म्हणालो. पहिल्या धावेत हात घसरले आणि कोपर सोलले. मागे कोणीतरी हसले. दुसऱ्यांदाही नाही जमले. तिसऱ्यांदा कसाबसा पोट घासत वर गेलो आणि पलीकडे पडलो. उभा राहिलो तेव्हा तो सहावीतला मुलगा घड्याळ बघायचे विसरून माझ्याकडेच बघत होता. वेळ किती लागला ते आजही कोणाला माहीत नाही. पण त्या दिवशी माझ्यामागून सगळा सेक्शन भिंतीवर चढला आणि मला एकदाही ओरडावे लागले नाही.

पुढच्या वेळी पालमला गेलो तर मिग आधी पाहीन, कारण तो राहिलाच आहे. मग वॅपिटीपाशी जाऊन ते नऊ सिलिंडर पुन्हा एकदा मोजीन.